मशीन मी पसंत केलं

अहमदपुरात मला नावानं ओळखणारे थोडे. 'फोटोवाल्या मावशी' म्हटलं की स्टँडवरचा ऑटोवाला बरोबर दवाखान्याच्या दारात आणून सोडायचा. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. गुडघ्याचा फोटो, कमरेचा फोटो, मनगटाचा फोटो. एकदा एक आजी पदर सारखा करून, केसांवरून हात फिरवून माझ्यापुढं बसल्या. फोटो मांडीच्या हाडाचा होता. मी म्हणाले, छान दिसताय, आता फक्त हलू नका. बावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले.

दवाखाना हाडांचा. डॉक्टर माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला ताई. आमच्या वस्तीत एक्स-रेचा डिप्लोमा केलेली मी पहिली बाई. डार्करूममध्ये एकटी बाई काम करील का, अशी शंका सगळ्या गावाला होती, सरांना नव्हती. मुलीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा त्यांनी मला मशीनच्या खोलीकडं फिरकू दिलं नाही. केसपेपरच्या टेबलावर बसवलं, आणि बाळंतपणानंतर माझी जागा मला परत दिली. मधल्या काळात जो बदली माणूस ठेवला होता, त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही खुर्ची ताईंची आहे, तू पाहुणा. हे मला नंतर त्या माणसानंच सांगितलं. त्या एका वाक्यावर मी पुढची वीस वर्षं काढली. लातूरहून बोलावणी आली, नांदेडहून आली, मी गेले नाही.

पहिलं मशीन जुनं होतं आणि डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. तांबडा दिवा, औषधाच्या दोन टाक्या, एक पाण्याची. तो वास साडीला असा बसायचा की घरी आमचे मालक लांबूनच म्हणायचे, आली फोटोवाली. ते एसटीत कंडक्टर, त्यांच्या अंगाला डिझेलचा वास. दोघांनी एकमेकांना नावं ठेवायची सोय नव्हती.

फिल्म मात्र खोटं बोलायची नाही. किरण जास्त पडले की काळीठिक्कर, कमी पडले की पांढरीफटक. चूक झाली की ती सगळ्या दवाखान्याला दिसायची, आणि त्या मोडक्या हाताच्या माणसाला पुन्हा टेबलावर चढावं लागायचं. ते कण्हणं ऐकायला लागू नये म्हणून मी वही सुरू केली. कुणाला किती व्होल्टेज दिलं, किती वेळ दिला, चित्र कसं आलं. पण मी वजन लिहीत नव्हते, माणसं लिहीत होते. साठ किलोचा डाळमिलमधला हमाल आणि साठ किलोचा क्लासमधला मास्तर, दोघांचा खांदा एक नसतो. हमालाच्या खांद्यातून किरण जाताना घाम फुटतो. म्हणून माझ्या वहीत 'हमाल, उजवा खांदा' असं होतं. 'ऊस तोडणारी, मनगट'. 'अडत दुकानदार, बैठं काम, कंबर'. 'म्हातारी, हाडं पोकळ, निम्म्यानंच भागतं'. शाळकरी पोरांची तर वयाप्रमाणं वेगळी पानं होती. दोन जाडजूड वह्या भरल्या, तिसरी अर्धी.

मग फिल्म गेली. आधी अशी कॅसेट आली की ती यंत्रात सरकवली की चित्र कॉम्प्युटरवर दिसायचं. मग कॅसेटही गेली. आता एक सपाट पाटी असते, तिच्यावर हात ठेवा, बटण दाबा, हाड पडद्यावर हजर. जिन्याखालच्या खोलीत आम्ही झाडू आणि बादल्या ठेवू लागलो. मला वाईट वाटलं असेल असं लोकांना वाटायचं. अजिबात नाही. त्या वासातून सुटले म्हणून मी पेढे वाटले होते. फक्त या नव्या मशीनची एक गोम मी पहिल्या महिन्यातच ओळखली. किरण जास्त दिले तरी कॉम्प्युटर चित्र सावरून घेतो; उलट जास्तच देखणं दाखवतो. चूक दिसतच नाही, ती नुसती पेशंटच्या अंगात जाते. कंपनीनं आत भरून दिलेले आकडे कुठल्या परदेशातल्या धिप्पाड माणसांचे होते. आमच्या माणसांना ते फार होत. म्हणून नव्या मशीनवरही मी वही बघून आकडे बदलायचे. सर बघायचे आणि म्हणायचे, ताई, तुमची वही मशीनपेक्षा महाग आहे.

बाजार कसा बदलतोय हे मला सेल्समनच्या बॅगेवरून कळायचं. आधी त्या बॅगा नमुन्याच्या फिल्मांनी जड असत. मग गुळगुळीत माहितीपत्रकं आली, मग नुसता टॅब. आधी ते 'मशीन घ्या' म्हणायचे, मग 'जुनं द्या, नवं घ्या'. शेवटी शेवटी 'घेऊच नका साहेब, आम्ही आणून ठेवतो, आमचीच माणसं चालवतील, तुम्ही फक्त पेशंट पाठवा' असं म्हणू लागले. हे मी माझ्या कानानं ऐकलं होतं, आमच्याच केबिनबाहेर. मला ते हॉटेलात भाड्यानं भांडी आणण्यासारखं वाटलं आणि मी हसून सोडून दिलं. आमचे सर असल्या नादाला लागणार नाहीत याची मला खात्री होती.

तोवर लातूरला गुडघ्यांचा सुकाळ आला होता. लातूर म्हणजे क्लासचं गाव. चौकाचौकांत डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फलक. आता त्या फलकांच्या शेजारी नवे गुडघे बसवलेले आजी-आजोबा हात जोडून उभे राहू लागले. गुडघा बदलायचा तर कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभा फोटो लागतो, तो काढायला मोठं मशीन लागतं, ऑपरेशनच्या खोलीत वेगळं. जो तो डॉक्टर मशीन बघत होता. आमच्या सरांचे पेशंट अहमदपुरात दाखवून ऑपरेशनला लातूर गाठू लागले, तेव्हा सरांनी ठरवलं की आपणही लातूरला मोठं हॉस्पिटल काढायचं.

हे सांगायला ते माझ्या घरी आले. चहा घेतला, आमच्या मालकांच्या निवृत्तीची चौकशी केली आणि म्हणाले, "मशीन ताईंनीच पसंत करायचं. तिथला फोटोचा सगळा विभाग ताईंचा. चार माणसं हाताखाली देतो."

सर गेल्यावर मालकांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकायला लातूरचं तिकीट फाडून दिलं. आता सोताला घ्यावं लागंल." नोकरीत बदली नको म्हणून साहेबांच्या पाया पडलेला हा माणूस माझ्यासाठी गाव सोडायला तयार झाला. मला भरून आलं. माझं वय तेव्हा चोपन्न. या वयात बाईच्या हाताखाली चार माणसं आणि दारावर विभागप्रमुख अशी पाटी, हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ते हवं होतं. फार हवं होतं.

मग मी मशीन बघायला निघाले. मुलगी बघायला जावं तसाच सगळा थाट. जिथं जाईन तिथं पोहे, चहा, एसीची खोली, आणि 'कुठं काही कमी वाटलं तर सांगा'. लातूरला पहिलं दाखवलं ते चकचकीत होतं, पण स्क्रूंची तोंडं झिजलेली. कुठून तरी उतरवून, रंग देऊन आणलेलं. मी म्हणाले, रंग सुकायच्या आधी दाखवायला नको होतं. दुसऱ्याचं चित्र सुरेख, पण टेबल उंच. मी विचारलं, हे खाली कुठवर येतं? तो सेल्समन मला पिक्सेल सांगू लागला. मी म्हणाले, पिक्सेल ठेवा, मांडी मोडलेली सत्तर वर्षांची बाई यावर चढणार कशी ते सांगा. तो माहितीपत्रक उलटून पाहू लागला. तिसऱ्याला दुरुस्तीचा माणूस हैदराबादहून येणार होता. चौथं मशीन नांदेडच्या एका पुरवठादाराकडं होतं. त्याचं टेबल बाजेइतकं खाली यायचं, पाटी हातानं उचलण्याइतकी हलकी, उभा फोटो एकाच दमात. ते दाखवणारा सेल्समन नांदेडचाच, तिशीतला, गोड बोलणारा. सरांसमोर मला मॅडम म्हणायचा, एरवी ताई. अहमदपुरावरून जाताना आमच्या घरी थांबून जेवायचा, मालकांशी एसटीच्या गप्पा मारायचा. मी ते मशीन पसंत केलं. सर म्हणाले, ताईंनी हो म्हटलं म्हणजे झालं.

आठवड्यानं त्या सेल्समनचा फोन आला. कंपनीचे आकडे आपल्याकडच्या लोकांना चालत नाहीत हे तुम्हीच म्हणाला होता, मग मशीन बसवायच्या आधीच तुमचे आकडे आत भरून घेऊ, नांदेडला येऊन तेवढं करून द्याल का? मी सरांना विचारलं. सर म्हणाले, अवश्य जा, तुमचंच मशीन आहे.

मी वह्या घेऊन गेले. तीन दिवस सकाळच्या बसनं नांदेड, संध्याकाळच्या बसनं परत. त्यांच्या ऑफिसात एक इंजिनिअर कॉम्प्युटरपुढं बसलेला आणि मी शेजारी. मी वाचायचे, तो भरायचा. हमाल म्हणजे काय लिहू, तो विचारायचा. मी म्हणायचे, लिही 'अंगकाठी आडवी, स्नायू घट्ट'. अशी माझी एकेक माणसं त्या मशीनमध्ये गेली. मी नुसती वाचून थांबले नाही. कुठला आकडा कुणामुळं सुधारला, कुठल्या म्हातारीनं मला काय शिकवलं, हेही सांगत बसले. दुपारी त्या सेल्समननं स्वतः डबा आणून दिला. तिसऱ्या दिवशी ऑफिसातली सगळी माणसं भोवती उभी राहून ऐकत होती आणि मला आपण कोणी तरी मोठ्या झालो असं वाटत होतं. एवढा शहाणपणा केला, पण एक साधी गोष्ट मला सुचली नाही. जे माझ्याजवळ होतं ते सगळं दिल्यावर माझ्याजवळ काय उरतं, हे कुठल्या वेड्या बाईनंही विचारलं असतं.

त्यानंतर सर थोडे गप्प झाले. लातूरला खोल्या बघितल्या, दोन आवडल्या, असं सांगितलं तर 'घाई करू नका' म्हणाले. हाताखालची चार माणसं कधी घ्यायची म्हटलं तर 'बघू' म्हणाले. मोठ्या कामाचा ताण असतो माणसाला, असं मीच मला समजावलं. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं की आम्ही लातूरला चाललो. शेजारणीनं माझी तुळशीची कुंडी मागूनही ठेवली होती.

उद्घाटनाला मी पिशवीत नवा पांढरा कोट घेऊन गेले. इस्त्री केलेला, घडी मोडू नये म्हणून पुठ्ठ्यावर ठेवलेला. किरणांची मोजदाद करायचा माझा बिल्लाही होता बरोबर. वाटलं, समारंभ संपला की आजच एखादा फोटो काढायची वेळ आली तर तयारी असावी. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मालक शेजारी, कडक कपड्यांत. मोठी माणसं बोलली, फीत कापून झाली, मग सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली की आता एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोपाचा सत्कार करायचा आहे, ज्यांनी अहमदपूरच्या दवाखान्यात दीर्घ सेवा केली आणि आता विश्रांती घेत आहेत.

मी टाळ्या वाजवल्या. कोण बरं निवृत्त होतंय, म्हणून मागं वळूनही पाहिलं. केसपेपरच्या टेबलावरचे काका असतील असं वाटलं, ते साठीच्या पुढचे होते. तेवढ्यात तिनं माझं नाव घेतलं. माझे हात टाळी वाजवत होते तसेच थांबले. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटलं होतं की मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलं नाही.

सरांनी स्वतः माझ्या अंगावर शाल घातली. हार घातला, काचेचं स्मृतिचिन्ह दिलं, फोटो काढले. मग माइक माझ्या हातात आला, दोन शब्द बोला म्हणून. आणि मी बोलले. दुसरं काय सांगू, मी आभार मानले. सरांनी मला संधी दिली, बाई म्हणून कधी कमी लेखलं नाही, हे हॉस्पिटल मोठं होवो, असं सगळं मी रीतसर बोलले. आमच्याकडे अंगावर शाल पडली की माणूस आभारच मानतो, ती रीतच आहे. ती शाल झटकून खाली टाकायची हे मला बसमध्ये सुचलं, चाकूरच्या पुढं गेल्यावर.

पण त्याआधी मी मशीन बघायला गेले. शाल अंगावर तशीच. खोलीत माझं मशीन उभं होतं, टेबल बाजेइतकं खाली घेतलेलं. त्याच्याजवळ एक मुलगी होती, डिप्लोमा करून वर्षही न झालेली, नायगावची. तिच्या कपड्यावर त्या नांदेडच्या पुरवठादाराची खूण होती, हॉस्पिटलची नव्हती. मी कोण ते कळल्यावर ती पाया पडली. तिला काही लपवायचं ठाऊकच नव्हतं. तिनं सांगितलं की मशीन सरांनी घेतलेलंच नाही. पुरवठादारानं ठेवलंय, चालवणारी माणसं त्याची, दर फोटोमागं दोघांचा वाटा. सगळीकडं आता असंच होतंय म्हणाली. मग तिनं पडद्यावर मला यादी दाखवली. अंगकाठी आडवी, स्नायू घट्ट. वृद्ध, हाडं विरळ.

"लई सोपं हाय मावशी," ती म्हणाली. "निस्तं माणूस बघायचं आन् बटन दाबायचं. ह्या सेटिंगी आता समद्या मशिनींत भरून येतेत. आमच्या नायगावला बी हायत."

मला तिचा राग आला नाही. खरंच आला नाही. मी तिला म्हणाले, छान, नीट शिक. आणि सरांच्या केबिनकडं गेले.

ते एकटेच होते. मला बघून उभे राहिले. ओरडायचं, रडायचं असं काहीच मला जमलं नाही. मी एवढंच विचारलं, "सर, हे कधी ठरलं?"

सर पेशंटशी कधी खोटं बोलायचे नाहीत. पाय वाचणार नसेल तर तसं तोंडावर सांगायचे. माझ्याशीही बोलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तुम्ही नांदेडला जायच्या आधी."

एवढं झाल्यावर विचारण्यासारखं काही उरत नाही. ते पुढं बरंच बोलले. कर्ज किती काढायचं, नवं मशीन पाच वर्षांत जुनं होतं, दुरुस्तीचा खर्च आता डॉक्टरला पेलवत नाही, बाजारच तसा झालाय. सगळं खरं होतं. बाजार मलाही कळतो. बाजारानं मला फसवलं असतं तर मी हात झटकून घरी गेले असते. पण मला नांदेडला पाठवणारा बाजार नव्हता. 'तुमचंच मशीन आहे' असं म्हणून माझ्याकडून वह्या वाचून घेणारा बाजार नव्हता. मला बावीस वर्षं ओळखणारा माणूस होता तो. माझं बाळंतपण झालं तेव्हा ज्यानं माझी खुर्ची राखली, त्यालाच नेमकं माहीत होतं की माझ्याकडून काय घ्यायचं आणि ते मी हसत हसत कशी देईन.

बसमध्ये मालक खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी म्हणाले, मला खरंच माहीत नव्हतं हो. ते म्हणाले, "तुला ठाव नव्हतं ते कळालं मला. पर तू आभार कशापायी मानलीस?"

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. सर लातूरला गेले तसा अहमदपूरचा दवाखानाही बंद झाला होता. गल्लीत विचारणाऱ्यांना काय सांगायचं? निवृत्ती घेतली म्हणावं तर वय बसत नव्हतं, काढलं म्हणावं तर पेपरात शाल घालतानाचा फोटो छापून आलेला. शेजारीण म्हणाली, किती मान दिला बाई तुम्हाला. मी चिडून तिला म्हणाले, तुळस मिळणार नाही, आम्ही कुठं जात नाही. बिचारीचा काय दोष. रात्री-बेरात्री नाही, भरदुपारी भाकरी थापता थापता मला संताप यायचा आणि भाकरी करपायची. वह्या मी फाडायला काढल्या होत्या. मालकांनी हातातून काढून घेऊन कपाटावर टाकल्या. फाडून काय होणार होतं म्हणा, आत होतं ते नांदेडला केव्हाच उतरून घेतलेलं.

त्या गोड बोलणाऱ्या सेल्समनचा एकदा फोन आला. ताई, मी तरी काय करू, मला वरून सांगितलं ते मी केलं, म्हणाला. मी म्हणाले, तू माझ्या घरी जेवलास ते कुणी वरून सांगितलं होतं का? त्यानं फोन ठेवला. त्यानंतर अहमदपुरावरून जाताना तो थांबत नाही.

शेवटी मी इथल्याच एका दातांच्या दवाखान्यात अर्धा दिवस जाऊ लागले. छोटंसं मशीन, बोटाच्या पेराएवढी फिल्म. दोनशे सहा हाडांवरून बत्तीस दातांवर आले, असं मीच लोकांना सांगते, म्हणजे त्यांना सांगायची संधी मिळत नाही. तिथली डॉक्टरीण माझ्या निम्म्या वयाची आहे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, काकू, इथं तुमचं भविष्य नाही हं काही. मी म्हणाले, मला हेच ऐकायचं होतं, पगार ठरव.

परवा दुपारी मी तिथंच होते. लातूरहून त्या नायगावच्या मुलीचा फोन आला. उद्घाटनाच्या दिवशी तिनं नंबर घेतला होता, फोन मात्र कधी केला नव्हता. आवाज घाबरलेला.

एक आजी आल्या होत्या, घसरून पडलेल्या. पाठीला पोक, त्यामुळं उताणं झोपवता येत नव्हतं. पाय वळून आखडलेला, हात लावू देत नव्हत्या. मुलीनं तीनदा फोटो काढला, तिन्ही वेळा हाड अर्धवट आलं. यादीत पोक आलेल्या बाईचं बटण नव्हतं. नसणारच, अशा बाईचा आकडा नसतो, तिला हातानं लावून घ्यावं लागतं, आणि ते मी वहीत कधी लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं, एवढंच.

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. बावीस वर्षांतलं तेवढंच माझ्याजवळ राहिलं होतं. मी विचारलं, "सर आहेत का तिथं?"

"हायत की, बाजूलाच उभे हायत," ती म्हणाली. "त्येंनीच सांगितलं फोन लाव म्हणून. म्हणले, ताईला विचार, त्या न्हाई म्हणायच्या न्हाईत."

फोनमधून आजींचं कण्हणं येत होतं. बारीक, एकसुरी, दम संपत आलेलं. त्याच्या जवळपास कुठं तरी सरांचा आवाज होता, नर्सला काही तरी सांगत होते. मी वाट पाहिली. दोन वेळा श्वास घेण्याइतकी. त्यांनी फोन मागितला नाही.

मग मी त्या मुलीला सांगितलं की पाय सरळ करायला जाऊ नकोस, आहे तसा राहू दे. पोकाच्या दोन्ही अंगांना चादरीची गुंडाळी लाव, डोक्याखाली दोन उशा दे, आधी त्यांना टेकल्यासारखं वाटू दे. दुखऱ्या पायाला हात लावू नकोस. चांगला पाय कुणाला तरी वर उचलून धरायला सांग, पाटी बाजूनं उभी लाव आणि किरण आडवे घे. आकडा निम्म्यावर आण. आणि त्यांच्याशी बोलत राहा, गाव विचार, लेकरं किती ते विचार. ती फोन चालू ठेवूनच सगळं करत होती. पाय कोण धरणार, असं तिनं विचारल्याचं मला ऐकू आलं, आणि मी धरतो, असं सर म्हणाले.

"हलू नका हं आजी," मी इकडून म्हणाले, पण ते तिकडं कुणाला ऐकू गेलं नसावं. बटणाचा आवाज झाला. मुलगी म्हणाली, आला, मावशी, समदं हाड आलं. आणि घाईत तिनं फोन ठेवून दिला.